धुरीच्या खोलीतला दिवा

प्रिय पुनम,

आधी एक ऐक. हे पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होईस्तोवर ती तुझी भट्टी पेटवायची नाही. उद्या शनिवार, तुझा बरगड्यांचा दिवस. मसाला चोळून मांस फ्रीजमध्ये ठेवलं असशील तर राहू दे तिथेच. खराब झालं तर होऊ दे. कोळशाच्या पिशवीला हातसुद्धा लावू नकोस. एवढं कबूल केलंस की बाकीचं पत्र चहाचा कप घेऊन वाच. मला मात्र चहा जात नाहीये. मांडीवर कागद ठेवून लिहितेय म्हणून अक्षर असं कोंबडीच्या पायासारखं आलंय, नाहीतर अमळनेरच्या कॉलेजात बाई माझी वही सगळ्या वर्गाला दाखवायच्या, हे मी तुला हजारदा ऐकवलंय.

फोन का नाही केलास, म्हणशील. केला होता की. सोमवारी केला, बुधवारी केला. बंद जागेत ती भट्टी नको म्हटलं, तर तू हसलीस. म्हणालीस, आई, तू तर मांजर आडवं गेलं तरी घाबरतेस. खरं कारण सांगायला तोंड उघडावं तर समोर तुझे नाना बसलेले, आणि आपल्या घरातला फोन म्हणजे गावची चावडी, स्पीकर लावल्याशिवाय त्यांना ऐकूच येत नाही. शिवाय त्यांनी मला आन घातली आहे. कसली, ते पुढे लिहिते. आत्ता ते जेवून आडवे झालेत आणि मी मागच्या ओसरीत ज्वारीच्या कोठीला टेकून लिहितेय. लिहून झालं की शेजारची ज्योती पानांचे फोटो काढून तुला पाठवेल. वाचणार नाही म्हणालीय. ती वाचेल हे मला माहीत आहे, पण आता त्याचंही काही वाटत नाही.

दिवाळीत तू आलीस तो दिवस आठवतो? बॅगेतून साड्या निघतील म्हणून मी पुढे सरसावले, तर निघाली मसाल्याची पाकिटं. आणि तू म्हणालीस, आई, यंदा मी तुम्हाला बरगड्या खाऊ घालणार, धुरावरच्या. कशाच्या, असं मी विचारलं आणि तू सांगितलंस, डुकराच्या, आणि मी पदर तोंडाला लावून न्हाणीकडे पळाले. आपल्या घरात कोंबडी शिजते तीसुद्धा मागच्या अंगणात, वेगळ्या पातेल्यात. तिथे हे! पण तुझे नाना. लेकीने चंद्र मागितला तर शिडी शोधायला निघतील असा माणूस. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मंगाला गाठलं. मंगा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा, आपल्या बागेत घड कापायला येतो तो. त्याच्या गावात हे खाणं चालतं. त्याने पिकअपमधून गोणपाटाखाली लपवून माल आणून दिला आणि मलाच वर बजावलं, "अक्का, मनं नाव कोठेच लेवू नका." मी म्हटलं, बाबा रे, तुझं नाव घ्यायला मला आधी माझं घ्यावं लागेल.

जागेचा प्रश्न होता. अंगणात भट्टी लावली तर वास साऱ्या गल्लीत जाणार आणि भाऊबंद आपल्याला वर्षभर सोलून काढणार. तेव्हा नानांना मळ्यातली धुरीची खोली आठवली. तुझ्या लहानपणीच ती बंद पडली होती, आता व्यापारी हिरवे घडच ट्रकात भरून नेतात. पण तुझे आजोबा, आबा, होते तोवर आपली केळी तिथेच पिकायची. जाड मातीच्या भिंती, खिडकी नाही, वाकून जावं लागणारं एक दार. आत घड टांगायचे, कोपऱ्यात गोवऱ्या आणि काड धुमसत ठेवायचं आणि दाराच्या फटी शेणामातीने लिंपून टाकायच्या. उघडताना आबांचा नियम होता, तो सगळ्या घराला पाठ. काठीच्या टोकाला चिमणी बांधायची, ती पितळेची, रॉकेलची, आणि आधी ती आत सरकवायची. ज्योत राहिली तर माणसाने जायचं. विझली तर बाहेरच थांबायचं. विहिरीत उतरतानाही तसंच. "दिवा जगी ते आपन जगसूत," म्हणायचे. तू चालायला लागलीस तेव्हापासून हे ऐकलंयस. मीही सून म्हणून आले त्या वर्षी ऐकलं आणि गायत्री मंत्रासारखं मानलं.

काय दिवस होता तो! बरगड्यांच्या मागचा पापुद्रा तू सुरीच्या टोकाने सोडवून एका ओढीत काढलास, तेव्हा मी किळस विसरून बघत राहिले. मग तुझा तो कोरडा मसाला. तिकडची साखर कमी पडली म्हणून तू आपला गूळ किसलास, मिरी, मोहरीची पूड, लसणाची पूड, आणि माझ्या डब्यातला काळा मसाला मला न विचारता घेतलास. आंब्याची वाळलेली फांदी फोडून नानांनी विस्तव केला. ज्या आकड्यांना घड टांगायचो त्यांनाच बरगड्या टांगल्या. दार लावलं. अधूनमधून चिमणी आत सरकवायची, ज्योत बघायची, आणि तू किंवा नाना खोकत खोकत आत जाऊन टोमॅटो, चिंच, गुळाचा तो दाट सॉस लावून डोळे पुसत बाहेर. मांस हाडावरून आपोआप सुटायला लागलं तेव्हा तू नाचलीस. मी खाल्लं नाही असं सगळ्यांना सांगितलंय. पण सॉस चाखायच्या निमित्ताने मी एक तुकडा तोंडात टाकला होता आणि तू ते पाहिलं होतंस. झाकली मूठ झाकलीच राहू दे.

त्या संध्याकाळी तुझं डोकं ठणकत होतं, आठवतं का? तू कपाळाला बाम लावून पडलीस. नानांनाही मळमळत होतं. आपण म्हणालो, ऊन लागलं, आणि उन्हाच्या नावाने लिंबाचं सरबत प्यालो. दिवाळीत कसलं आलंय गं एवढं ऊन?

तू परत जाताना खोलीतली चिमणी मागून घेतलीस. आबांची आठवण म्हणून. मी ती चिंचेने घासून लख्ख करून तुझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून दिली. माझ्या हाताने दिली, पुनम.

तू गेल्यावर नानांना करमेना. मार्गशीर्षात तुझा वाढदिवस येतो, तर त्यांच्या डोक्यात आलं की एकट्याने बरगड्या करायच्या आणि त्याचा व्हिडिओ तुला पाठवायचा. मला म्हणाले, पोरगी पाहीन आणि म्हणीन, मना बाप काय कमी शे? मी नेहमीसारखं बडबडले, नाही त्या उठाठेवी म्हणून. पण मनातून मलाही ते बरं वाटलं होतं. एकच अडचण होती. दिवाळीत त्या आंब्याच्या लाकडाचा धूर दाराच्या फटींतून निघाला होता आणि शेजारच्या मळ्यातले लोटनभाऊ बांधावर उभं राहून ओरडले होते, "रतिलाल, कसाना वास ई राह्यना रे?" तेव्हा नाना म्हणाले होते, केळीनी धुरी देखी राह्यनू. आता पुन्हा तीच थाप कशी चालणार? म्हणून त्यांनी डोकं लढवलं. लाकूड नको, लोहाराकडचा कोळसा आणू. कोळशाला धूर नाही, म्हणजे बोभाटा नाही. वासापुरत्या दोन काटक्या टाकू. आणि फटी आबांसारख्या लिंपून घेऊ. आपल्या बुद्धीचा त्यांना इतका अभिमान वाटला की मला दोनदा सांगितलं.

चिमणी तू नेली होतीस, तर त्यांनी दिवाळीची उरलेली पणती घेतली, तेल घातलं, आत आकड्याखाली कोनाड्यात ठेवली. धूर नव्हता, त्यामुळे खोकला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मग बाहेर कशाला यायचं? आत पाट टाकून बसले. वर दारही आतून ओढून घेतलं, वास जाऊ नये म्हणून. सॉसचं पातेलं शेजारी, हातात तुझा तो ब्रश.

मी जेवायला बोलवायला गेले. बाहेरून हाक मारली, तर आतून आवाज आला, "का बरं वरडी राह्यनी? दिवा पेटेल शे ना." ते त्या दिवसाचं त्यांचं शेवटचं वाक्य. मी परत गेले, भाकरी झाकून ठेवली, गुरांना पाणी पाजलं, मनातल्या मनात भांडत बसले. पुन्हा गेले, हाक मारली, उत्तर नाही. दार ओढलं. पुनम, पणती अगदी सरळ जळत होती. ज्योत हलतसुद्धा नव्हती. आणि नाना भिंतीला टेकून बसलेले, मान छातीवर, चेहरा लालसर, झोप लागल्यासारखा. मी काय केलं असेल? मी पणतीकडे पाहिलं आणि निर्धास्त झाले. दारात उभी राहून त्यांना बोलत राहिले. म्हातारपणी नसती सोंगं, इथे काय झोपताय, बरगड्या करपताहेत. मी आत गेले, खांद्याला धरून हलवलं, आणि ते पाटावरून कलंडले ते धान्याच्या पोत्यासारखे. ब्रश हातातच होता.

तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. ओरडायला गेले तर आवाज नाही. पाय कापसाचे झाले, कानात भुंगा, आणि डोळ्यांपुढे सगळं पिवळं पिवळं. मी पणतीकडेच बघत होते. दिवा जळतोय, मग मला काय होतंय? मला वाटलं, भीतीने होतंय. त्यांच्या बनियनला दोन्ही हातांनी धरलं आणि मागे मागे सरकत ओढलं. बनियन फाटली, तर काखेत हात घातले. कसं ओढलं देवाला ठाऊक. उंबऱ्याबाहेर आम्ही दोघंही पडलो, तोंडावर ऊन आलं, आणि मी उलटी केली. मंगा पलीकडच्या वाफ्यात होता म्हणून. त्याने पिकअप काढली. गाडी निघाली तेव्हा खोलीचं दार उघडंच होतं आणि आत पणती तशीच जळत होती. मी मागे वळून पाहिलं ते तेवढं आठवतं.

शिरपूरच्या डॉक्टरांनी थेट धुळ्याला पाठवलं. धुळ्याला नळी लावली, ऑक्सिजन लावला. तिथली डॉक्टर तुझ्याच वयाची. मावशी, बंद खोलीत काय करत होता, असं तिने विचारलं, तर मी काय म्हणावं? केळी पिकवत होतो म्हटलं. नवरा मरणाच्या दारात आणि मला पडलीय अब्रूची! तिने एवढंच विचारलं, कोळसा होता का? मी मान हलवली, आबांचा नियम सांगितला आणि म्हटलं, पण बाई, दिवा तर जळत होता. त्यावर तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते, नीट वाच. "मावशी, विहिरीतल्या खराब हवेत दिवा विझतो, तिथे तुमचे आबा बरोबर. पण कोळसा धुमसला की त्यातून वेगळाच वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. त्याने डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस बसल्या जागी जातो. दिव्याला त्याचं काहीच होत नाही. तो जळतच राहतो." मी दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. आबांचा शब्द खोटा ठरला याचं दुःख करायचं, की तो मानून आपण सगळे इतकी वर्षं त्या दारातून वाकून आत जात होतो, याची भीती धरायची, हेच कळेना. तो दाट धूरच तेव्हा माणसाला खोकलवून बाहेर काढत असणार. नानांनी तो धूरच काढून टाकला.

नाना शुद्धीवर आले तेव्हा पहिलं काय म्हणाले असतील? "पुनमले यातलं काही सांगशी ते तुले मनी आन शे. ती पोर सोताले दोष देई." आणि माझा हात घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवला. म्हणून दवाखान्याचं कारण तुला बीपी सांगितलं. म्हणून तुझ्या वाढदिवसाला व्हिडिओ आला नाही. म्हणून मी आजवर गप्प बसले. मी देवभोळी आहे, तू मला हसतेस, पण नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली आन मोडायची म्हणजे काय, हे तू बायको आहेस, तुला कळेल. पद्मालयाच्या गणपतीला मी सांगून ठेवलंय की ही मोडतेय, काय घ्यायचं ते माझ्याकडून घे, त्यांच्याकडून नको. एकीकडे ते, एकीकडे तू. मी तुला निवडलं, पोरी. त्यांना विचारलं असतं तर त्यांनीही तुलाच निवडलं असतं, असं मनाला समजावत लिहितेय.

आणि आता हेही सांगते, कारण निम्मं सांगण्यात अर्थ नाही. नाना वाचले, पण सगळेच्या सगळे परत आले नाहीत. तू म्हणतेस, नाना फोनवर गप्प का असतात. त्यांना शब्द सापडत नाहीत. परवा त्यांनी तुला दोनदा विचारलं, तिकडे जेवण झालं का, आणि तू हसून दोनदा उत्तर दिलंस. ते मस्करी नव्हते करत. मळ्याची वाट, जी त्यांनी जन्मभर तुडवली, ती चुकून ते परवा नदीकडे गेले. मंगाने हात धरून आणलं. गुंड्या लावताना मध्येच थांबतात आणि माझ्याकडे बघतात. धुळ्याची डॉक्टर म्हणते, हळूहळू सुधारेल, कदाचित. त्या कदाचितवर मी दिवस काढतेय. हा त्या वायूचाच प्रसाद आहे. आणि नाना त्यात एकदाच बसले होते, दर शनिवारी नाही.

संक्रांतीला तू गोड बातमी दिलीस तेव्हा मी ज्योतीच्या हातावर तीळगूळ ठेवून रडले. नानांना ती बातमी रोज नव्याने सांगते आणि ते रोज नव्याने खूश होतात, एवढं एक सुख आहे. मग गेल्या रविवारचा तुझा व्हिडिओ कॉल, तुमच्याकडे अजून शनिवारच होता. बाहेर तुमच्याकडे कमरेइतका बर्फ, म्हणून तू भट्टी गॅरेजमध्ये घेतली होतीस. काळा गोल पिंप, मागे शटर पुरतं खाली, गारठा येऊ नये म्हणून खालच्या फटीत गोधडी कोंबलेली. तू फोन फिरवून दाखवलंस ते सगळं. आणि फळीवर मला ती दिसली. मी चिंचेने घासून दिलेली आबांची चिमणी. ज्योत सरळ, हलतसुद्धा नव्हती. तू म्हणालीस, आई, घाबरू नकोस, मी आबांचा नियम मोडत नाही, दिवा जळतोय बघ. आणि नंतर सहज म्हणालीस, शनिवार-रविवारी डोकं फार दुखतं गं, मळमळतं, आठवडाभर मग काही नसतं, पण भूषण म्हणतो या दिवसांत असं व्हायचंच. मी हूं म्हटलं आणि फोन ठेवून ओट्यावर बसले, ती अजून धड उठलेली नाही. पुनम, ते दुखणं दिवस गेल्याचं नाही. दिवस गेल्याने डोकं फक्त शनिवार-रविवारीच कसं दुखेल? शटर उघड, सगळं उघड, आणि बर्फ असला तरी बाहेर जाऊन उभी राहा. भूषणरावांना म्हणावं, आजच डॉक्टरकडे न्या आणि कोळशाचं नाव घेऊन सांगा, माझ्यासारखं केळी म्हणू नका. बरगड्या कर, हवं तेव्हा कर, पण उघड्या आभाळाखाली, आणि गल्लीभर वास जाऊ दे. आणि ती चिमणी. आपल्याकडे दिवा विझव म्हणत नाहीत, मोठा कर म्हणतात. मी जन्मात कधी कोणाला तसं म्हटलं नव्हतं. आज तुला हात जोडून म्हणतेय, विझव तो दिवा. तुझा फोन येईस्तोवर मी ओसरीतून हलणार नाही.

तुझीच,
आई